लेकराच्या आतड्याचे जन्मजात दुखणे

पावसाळ्यात पाणी गढूळ होते. मग घाटघरला काय आणि दुसऱ्या गावाला काय, लेकरांना ढाळ लागतात. पाणी उकळून प्यावे, जलसंजीवनी पाजावी, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्याने बहुतेक लेकरे बरी होतात.

पण हजारांत एखादे नव्हे, त्याहूनही विरळा असे एखादे लेकरू बरे होत नाही. जन्मून चार महिने होत नाहीत तोच ढाळ सुरू होतात. शौचातून रक्त पडते. बसायच्या जागी गळू होऊन पू वाहतो. ताप येतो, तोंड येते. अंगाला मांस धरत नाही. मग कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, आईचे दूध बाधले. बिचारी माउली स्वतःला दोष देते. आम्ही सांगतो, दोष तिचा नाही. मग हे दुखणे येते कोठून? ते समजून घेऊ या.

शेतावर राखणीला कुत्रा असतो. रानडुक्कर आले की तो धावून जातो. डुक्कर पळाले की धनी हाक मारतो, "बस्स, थांब!" कुत्रा थांबतो. आपल्या रक्तातही असे बारीक राखणदार असतात. त्यांना पेशी म्हणतात. आतड्यात रोगाचे जंतू शिरले की त्या लढतात. काम झाले की शरीर त्यांना थांबायचा निरोप धाडते. काही लेकरांच्या पेशींना हा निरोप ऐकूच येत नाही. त्या लढतच राहतात आणि आतड्यालाच जखमा करतात. 2009 साली जर्मनी व इंग्लंडमधल्या संशोधकांनी हा दोष शोधून काढला. असे आणखीही अनेक दोष पुढे सापडले.

हा दोष बीजातला आहे. शरीर कसे घडावे, याच्या आज्ञा आईबापांकडून येतात. एकेका आज्ञेला जनुक म्हणतात. त्याची एक प्रत आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. म्हणून आईबाप धडधाकट असतात. लेकराला दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तर हे दुखणे होते. आईबापांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर दर बाळंतपणाला चारांत एक एवढा धोका असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नाही. मामाच्या मुलीशी लग्न झाले तर धोका वाढतो. कारण एकाच आजा-आजीची बिघडलेली प्रत दोन्हीकडून येऊ शकते.

यावर उपाय आहे का? काहींना आहे. राखणदार पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. दुसऱ्याचा जुळणारा मगज दिला, तर निरोप ऐकणाऱ्या पेशी तयार होतात. असे करून लेकरे बरी झाली आहेत. उपचार मोठा आहे, जोखमीचाही आहे. दोष आतड्याच्या अस्तरात असेल, तर मगज बदलून भागत नाही. म्हणून आधी रक्तातली जनुके तपासतात. मुंबईला परळमध्ये केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहीमॅटॉलॉजी संस्था आहे. तेथे अशा जन्मजात दोषांची तपासणी होते.

तेव्हा मंडळी, लेकराच्या शौचात रक्त दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध घेऊनही पुन्हा पुन्हा रक्त पडते, वजन वाढत नाही, असे झाले तर जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. वजनाचे कार्ड व जुने कागद सोबत न्या. घराण्यात पूर्वी असे मूल दगावले असेल, तर तेही सांगा. त्यात लाज कसली? त्यावरूनच डॉक्टरांना खरे दुखणे लवकर सापडते.