हायब्रीड मोटारीची बॅटरी : आयुष्य, ऊन आणि खर्चाचा हिशेब

महाराष्ट्रात पेट्रोलच्या दराने २०२१ मध्ये लिटरमागे शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. तेव्हापासून कमी इंधनात अधिक अंतर कापणाऱ्या हायब्रीड मोटारींची चर्चा महानगरांपुरती उरलेली नाही. बीड शहरापर्यंत प्रवासी रेल्वेगाडी पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. मोठे रुग्णालय असो वा उच्च न्यायालयाचे खंडपीठ, छत्रपती संभाजीनगर गाठायचे तर रस्त्यानेच, हा येथील शिरस्ता. साहजिकच इंधनाचा खर्च येथील कुटुंबांना अधिक जाणवतो. मात्र हायब्रीड मोटारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बॅटरी गेली तर काय?

या मोटारीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर असते. ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपाने बॅटरीत साठविली जाते आणि गाडी पुन्हा निघताना वापरली जाते. गाडी घरी चार्ज करावी लागत नाही; त्यामुळे भारनियमनाची अडचण येत नाही. बॅटरीही तुलनेने लहान असते. ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रीड प्रकारात सुमारे पाऊण युनिट वीज साठविणारी लिथियम-आयन बॅटरी आहे, तर इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची.

बॅटरी पूर्ण भरणे आणि पूर्ण रिकामी होणे, या दोन्ही टोकांना तिची झीज अधिक होते. हायब्रीड मोटारीतील संगणक तिला सतत मधल्या पट्ट्यात ठेवतो. तिच्या दीर्घायुष्याचे हे मुख्य कारण होय. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने २०११ मध्ये सव्वातीन लाख किलोमीटरहून अधिक धावलेली २००२ ची टोयोटा प्रियस तपासली, तेव्हा मूळच्या बॅटरीवरही तिची इंधनक्षमता जवळजवळ नव्या गाडीइतकीच आढळली. भारतात टोयोटा, मारुती व होंडा या कंपन्या हायब्रीड बॅटरीवर ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी देतात. हमी संपली म्हणजे बॅटरी संपली असे नव्हे.

तथापि बीडचा उन्हाळा हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेमुळे बॅटरीतील रासायनिक झीज वेगाने होते. बॅटरी थंड ठेवणारा पंखा अनेक मोटारींत मागच्या आसनाजवळील जाळीतून हवा खेचतो. ती जाळी धुळीने चोंदली वा तिच्यासमोर पोती-पिशव्या रचल्या, की बॅटरी तापते. गाडी सावलीत उभी करणे आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ही जाळी साफ करवून घेणे, हे दोन बिनखर्चाचे उपाय होत.

आता खर्चाचा हिशेब. बदलण्याचा खर्च मॉडेलनुसार वेगळा असतो. तो अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्यावा. उदाहरणादाखल तो १,६०,००० रुपये धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर, साधी मोटार लिटरला १५ आणि हायब्रीड २१ किलोमीटर धावते असे मानल्यास किलोमीटरमागे अनुक्रमे ७ आणि ५ रुपये लागतात. म्हणजे बचत २ रुपयांची. वर्षाला २० हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीने आठ वर्षांत बॅटरीसाठी किलोमीटरमागे १ रुपया बाजूला टाकला, तरी निम्मी बचत हाती उरते. परंतु वर्षाला ५ हजार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीची आठ वर्षांची बचत ८० हजार रुपये होईल. तेवढ्यात बॅटरीचा निम्माच खर्च निघेल आणि खरेदीच्या वेळी मोजलेली जादा किंमत वेगळीच. शिवाय धुळे-सोलापूर महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकचा वापर कमी, म्हणून बचतही शहरातील वाहतुकीपेक्षा कमी.

जुनी गाडी घेणाऱ्याने अधिक सावध असावे. ‘हायब्रीड’ अशी पट्टी असलेल्या काही जुन्या सियाझ व अर्टिगा मोटारी सौम्य हायब्रीड प्रकारच्या आहेत. त्यांचे गणित निराळे. स्ट्राँग हायब्रीड असल्यास हमी किती उरली, ती नव्या मालकाच्या नावे होते काय, सर्व्हिसिंगची नोंद अखंड आहे काय, हे पाहावे आणि बॅटरीची संगणकीय तपासणी करून अहवाल घ्यावा. गाडी सुरूच होत नसेल तर दोष बहुधा नेहमीच्या १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचा असतो. तेवढ्यावरून मोठी बॅटरी बदलण्यास होकार देऊ नये. नारिंगी तारांमध्ये घातक दाबाची वीज असल्याने त्यांना प्रशिक्षित कारागिरानेच हात लावावा. निकामी बॅटरी भंगारात न देता सेवा केंद्राकडे सोपवावी; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

छत्रपती संभाजीनगर परिसरात हायब्रीड व विद्युत वाहनांचा कारखाना उभारण्यासाठी टोयोटाने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. त्यामुळे शेजारच्या बीडमध्ये या मोटारींबद्दलचे कुतूहल वाढल्यास नवल नाही. मात्र खरेदीचा निर्णय वर्षाकाठी गाडी किती धावणार, या आकड्यावरच घेणे शहाणपणाचे ठरेल.