गाडीच्या सीटवरचे डाग : काढायचे कसे आणि सोडायचे केव्हा



बैलगाडीच्या काळी सीटचा प्रश्नच नव्हता. साट्यावर तणस अंथरले, वर पोते टाकले, झाली बैठक. डाग पडला तर तणस गोठ्यात आणि पोते विहिरीवर. पुढे जीपगाड्या आल्या, त्यांना रेक्झिनची सीट असे. ओला फडका फिरवला की काम भागे. आता मात्र आपल्यापैकी अनेकांच्या दारात कापडी सीटची चारचाकी उभी आहे, आणि तीच गाडी बेण्याला, खताला, दवाखान्याला, लग्नाला अन् नागपूरच्या कळमना मार्केटला जाते. तेव्हा डाग पडणारच. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण हाती लागेल ते घासून डाग पक्का करून ठेवणे, किंवा जो डाग डाग नसून विष आहे त्याला फडक्याने पुसणे, हे मात्र महागात पडते. म्हणून हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे.

आधी सीट समजून घ्या

आजच्या गाडीच्या सीटचे कापड बहुधा पॉलिस्टरचे असते आणि त्याखाली जाड फोम असतो. कापड पाणी फार पीत नाही, पण फोम पितो. बादलीभर पाणी ओतले तर डाग विरघळून फोममध्ये उतरतो, आणि सीट वाळू लागली की ओलाव्याबरोबर पुन्हा वर येतो. ही गोष्ट ऊस उत्पादकाला नव्याने सांगायला नको. पाटाचे पाणी जास्त झाले की जमीन चिबडते आणि खालचे क्षार वर येऊन पांढरे फुटतात. सीटचेही तेच. कालव्यावरच्या रानाला जो नियम, तोच इथे : पाणी बेताने द्या आणि निचरा होऊ द्या.

दुसरी गोष्ट. नव्या गाड्यांत सीटखाली वायरी असतात, आणि काही गाड्यांत सीटच्या कडेलाच एअरबॅग बसवलेली असते. तिची वायर बहुधा पिवळ्या वेष्टनात असते. अशा ठिकाणी पाणी सोडू नये, जोडणी उपटू नये. सीट काढायचीच झाली तर ते काम मिस्त्रीचे.

सर्वांना लागू पडणारी रीत

एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा भांडी घासायचे पातळ साबण टाका आणि हाताने घुसळून फेस काढा. वापरायचा तो फेस, पाणी नव्हे. पांढरे सुती फडके घ्या; रंगीत फडक्याचा रंग सीटला लागतो. आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहा. कापडाचा रंग उतरत नाही अशी खात्री झाली की मग डागाला हात घाला. डागाच्या बाहेरून आत या. आतून बाहेर गेलात की डाग पसरतो. घासू नका, दाबून टिपा. नंतर स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा, कारण राहिलेले साबण धूळ धरून ठेवते. शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण पट्टा हलका ओलसर करा, म्हणजे वाळल्यावर गोल कडा उमटत नाही. कोरड्या टॉवेलने दाबा आणि चारही दारे उघडी टाका.

बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा चोथा होतो आणि वाळल्यावर पांढरट डाग राहतो. शेवटच्या पुसण्यापुरते गाळणयंत्राचे किंवा पावसाचे पाणी घेतलेले बरे.

नागपूरचे ऊन या कामाला मोठी मदत करते. एप्रिल-मेमध्ये सीट बघता बघता वाळते. श्रावणात मात्र ओली सीट बंद गाडीत राहिली तर बुरशी धरते आणि मग वास काही केल्या जात नाही. पावसाळ्यात उघडीप पाहूनच हे काम काढावे.

कोणत्या डागाला काय

*उसाचा रस, गूळ, मळी, संत्र्याचा रस.* हे डाग सर्वांत सोपे. २० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेव्हा साखरेच्या डागाला औषध पाणीच. कोमट पाण्याचा फडका काही वेळ ठेवा, टिपा, पुन्हा ठेवा. पण आजचे उद्यावर टाकू नका. ताजा रस हवेत काळवंडतो हे गुऱ्हाळावर रोज दिसते, सीटवरही तेच होते. आणि साखर राहिली की मुंग्या वाट विचारत नाहीत.

*काळ्या मातीचा चिखल.* ओला असताना हात लावू नका. आपली काळी माती फार बारीक असते, ओली चोळली की धाग्यात शिरते. पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, उरले ते फेसाने काढा.

*ग्रीस, इंजिन ऑईल.* पाणी लावण्याआधी खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर जाड पसरा, तासभर ठेवा, झाडून टाका. तेल भुकटी पिते. मग फेस. हे दोन-तीनदा करावे लागते. पेट्रोलची चिंधी फिरवायची सवय पुष्कळांना आहे, ती सोडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

*तर्री, सावजी रस्सा, हळद.* नागपूरकरांचा हा हक्काचा डाग! तर्रीपोहे गाडीत खाल्ले की एखादा थेंब सांडतोच. इथे पुष्कळ जण धुण्याचा सोडा लावतात आणि पिवळा डाग लालभडक झाला की घाबरतात. घाबरायचे कारण नाही. हळदीवर खाराची क्रिया झाली की ती लाल होते; कुंकू याच गुणावर तयार होते. लिंबाच्या पाण्याचा बोळा फिरवला की डाग पुन्हा पिवळा होतो. तेव्हा सोडा नको. आधी तेल भुकटीने काढा, मग भांड्याच्या साबणाचा फेस, आणि उरलेला पिवळेपणा उन्हाच्या हवाली करा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सीटवर थेट ऊन येईल अशी गाडी दोन-चार दिवस उभी करा, डाग आपोआप फिका पडतो.

*खर्रा, पान, चहा.* सुपारी, कात आणि चहा यांत टॅनिन असते. टॅनिनला लोखंड भेटले की काळे होते. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे अशीच करीत. म्हणून तारेचा ब्रश वा गंजक्या डब्यातले पाणी इथे चालत नाही. खर्ऱ्यात वरून चुना असतो, त्याने लाली आणखी गडद होते. आधी व्हिनेगर किंवा लिंबूपाणी लावून चुना मारा, मग फेस. तरी छटा राहिली तर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साईड लपलेल्या कोपऱ्यावर तपासून मग थोडे लावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्ऱ्याचेही सांगतो, राजेहो : सीटवरचा डाग निघेल, गालाच्या आतला निघेलच असे नाही.

*रक्त आणि दूध.* कोयता लागलेल्या मजुराला दवाखान्यात नेताना सीटकडे कोणी पाहू नये; आधी माणूस. पण नंतर धुताना पाणी गारच घ्या. गरम पाण्याने रक्त आणि दूध दोन्ही गोठतात आणि धाग्यात बसतात. गार पाण्यात थोडे मीठ टाकून टिपत राहा. दुधाचा आंबट वास उरला तर पाण्यात निम्मे व्हिनेगर घालून पुसा.

एक ताकीद. ब्लिचिंग आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद गाडीत तो जिवावर बेततो. ब्लिचिंगमध्ये व्हिनेगरही मिसळू नये.

हा डाग नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. उसातल्या वाळवीला क्लोरपायरीफॉस, कपाशीला आणखी काही, असे डबे आपण दुकानातून घेतो आणि सवयीने मागच्या सीटवर टाकतो. शेजारी किराण्याची पिशवी, कधी लेकरू. झाकण सैल असले, गाडी खड्ड्यात आदळली, की औषध सांडते. आपण म्हणतो, "काहून घाबरतं बाप्पा, पुसून टाकू!" पण क्लोरपायरीफॉससारखी औषधे कातडीतून अंगात जातात. फोमने पिलेले औषध वरून पुसून निघत नाही. त्यावर घामेजलेल्या कपड्याने रोज बसणारा माणूस ते थोडे थोडे अंगात घेत राहतो. बंद गाडी उन्हात तापली की वाफही नाकात जाते.

ही भीती उगाच घालीत नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक गव्हाच्या पिठाबरोबर एकाच जहाजातून आले, पिठात मिसळले, आणि शंभरावर माणसे दगावली. त्या प्रकरणाच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. खाद्यपदार्थ आणि कीटकनाशक एकमेकांना लागतील अशी वाहतूक करू नये, असे त्याखालचे नियम सांगतात. आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून औषध सांडले तर गाडी थांबवा, दारे उघडा, सगळे खाली उतरा, लेकरे दूर. अंगावर पडले असेल तर आधी ते कपडे उतरवून साबणाने भरपूर धुवा. सीटचे नंतर पाहू. मळमळ, घाम, लाळ, अंधारी अशी लक्षणे दिसली तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. उपचार कोणता, हे त्यावरून ठरते. सीटसाठी रबरी हातमोजे घालून कोरडी माती वा लाकडाचा भुसा टाका, शोषू द्या, आणि तो भुसा जनावरे, विहीर, नाला यांपासून दूर ठेवा, जाळू नका. फोमपर्यंत औषध गेले असेल तर कापड आणि फोम दोन्ही बदला. दोन पैसे जातील, जाऊ द्या. त्या फोमची गादी करून घरात वा गोठ्यात अंथरू नका.

त्याहून सोपा उपाय आधीचा आहे. औषधाचा डबा झाकणबंद प्लॅस्टिकच्या टोपल्यात, डिकीत किंवा ट्रॉलीत ठेवा. माणसांबरोबर नको, धान्याबरोबर नको, ढेपेच्या पोत्याबरोबरही नको. सीटवर जाड सुती खोळ घाला आणि दर पंधरा दिवसांनी ती धुवा. एवढे केले तर या लेखातले निम्मे उपाय करायची वेळच येणार नाही.

गाडी पुढे विकताना सीट स्वच्छ असली तर भाव दोन पैसे चढा येतो, हे व्यवहाराचे झाले. पण हळदीच्या डागासकट गाडी चालवली तरी बिघडत नाही. औषधाच्या डागावर लेकरू बसवले तर बिघडते. हा फरक घरातल्या सर्वांना, विशेषतः गाडी चालवणाऱ्या पोरांना, नीट समजावून सांगावा, एवढीच सभासदांना विनंती.