खालीपासून समेपर्यंत

संपादकांनी सांगितलं होतं, विशारदच्या निकालांवर लिहा. तळेगावातल्या एका कथकच्या क्लासात गेले आणि प्रवेशिकेच्या पोरींपाशीच रेंगाळले.

इतिहास थोडक्यात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या मर्जीवर मिळणाऱ्या विद्येला त्यांनी वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा लावल्या. १९३१ साली ते मिरजेत वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. गायन-वादनाबरोबर मंडळ नृत्याच्याही परीक्षा घेतं: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. लंडनमध्ये बॅलेच्या शिक्षकांनी १९२० साली अशीच एक संस्था काढली, तिचीच पुढे रॉयल अकॅडमी ऑफ डान्स झाली. तिथे मुली दांडा धरून पाय घडवतात. कथकच्या पोरीला आधी तोंड चालवावं लागतं.

‘पढंत करा’ म्हटलं की घुंगरू गप्प. हातावर टाळी-खाली धरायची आणि बोल म्हणायचे. पोशाख, गिरक्या, गोड हसू, काहीच कामाला येत नाही. पहिली तिहाई साधी: ‘तिगदा दिगदिग थेई’, तीन मात्रा, तीनदा. त्रितालात नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला उचलायची. नऊ ते अकरा, बारा ते चौदा, मग पंधरा, सोळा आणि शेवटचा ‘थेई’ थेट समेवर. हेच नऊ बोल झपतालात टाकायचे तर आवर्तन दहाचं, म्हणून उचल तिसऱ्या मात्रेवर. बोल तेच, फक्त उचलायची जागा बदलली. तेवढ्यानं पोरींची त्रेधा उडते. मला तर हा हिशेब एखाद्या चक्रदारापेक्षा देखणा वाटतो.

क्लासच्या ताई समोर बसून नुसत्या बोटांनी मात्रा मोजतात. सम चुकली की रागावत नाहीत. ‘परत,’ एवढंच.

काळजी वाटते ती वेगळ्याच हिशेबाची. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे नववीपासून क्लास गच्च भरतो आणि दहावी संपली की घुंगरू माळ्यावर जातात. गुणांसाठी का होईना, पोरी येतात हे ताईंना नाकारता येत नाही. मलाही नाही. पण तीन वर्षांत मुरायचं ते तीन सत्रांत उरकलं जातं.

टाकव्याची एक मुलगी आहे. वडापनं कान्हे फाटा, तिथून लोकलनं तळेगाव. यंदा दहावी, आणि तिसरी परीक्षा, प्रवेशिका पूर्ण, दिवाळीनंतर. आंदर मावळात तेव्हाच भाताची कापणी आणि झोडणी. घरचं माणूस घरीच लागतं. झपताल अजून कच्चा, म्हणून ताई म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सत्राला बसव. आई म्हणाली, ‘ताई, तवर दहावी होऊन जाईल की. मग गुण कशाला धरतील?’

फॉर्म भरला गेला. अट एकच: खळ्यावर असो की लोकलमध्ये, रोजची पढंत फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. पहिलं रेकॉर्डिंग ताईंनी मला ऐकवलं. मागे झोडणीचा धपधप आवाज, आणि तिहाई बरोबर समेवर! ताईंनी पुन्हा लावलं, बोटं मोजत. पोरीनं उचल चौथ्या मात्रेवर केली होती आणि मधला एक ‘दिगदिग’ गिळला होता.

ताईंनी उत्तर टाईप केलं, ‘परत.’