ऊन फुकट, पाणी नव्हे

लहानपणी रात्री जाग आली की वडिलांचे अंथरूण रिकामे दिसे. चुलत्यांच्या विहिरीवरून आम्हांला पाणी मिळे, आणि मोटारीला वीज बहुधा रात्रीची. बॅटरी घेऊन वडील पाणी धरायला जात. आई उजाडेपर्यंत जागी राही. साप-विंचवाची भीती कोणत्या शेतकऱ्याच्या घरी नाही? गेल्या वर्षी आमच्या नव्या विहिरीवर सौरपंप बसला आणि ही रात्रीची पायपीट थांबली. म्हणूनच सौरशक्ती हा विषय मला केवळ पुस्तकी वाटत नाही.

सौरपट्ट्यांवर ऊन पडले की वीज निर्माण होते व तीवर मोटार चालते. एक किलोवॉटच्या पट्ट्या आपल्याकडील स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात. खर्चाचा प्रश्न मोठा होता. २०२४ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. तीनुसार सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची. पुढे ना बिल, ना डिझेल.

हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एक शंका येते. जे फुकट मिळते ते माणूस जपून वापरीत नाही. डिझेल इंजिनवाला पैसे मोजून पाणी देई. आता ऊन आहे तोवर मोटार चालू! आपल्या मराठवाड्याच्या भूमीखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. त्याच्या भेगांत मुरेल तेवढेच पाणी विहिरीला. शिवाय पाणी दुप्पट खोल गेले, तर तेवढ्याच उन्हात जवळजवळ निम्मेच पाणी वर येते. म्हणजे अति उपशाने सौरपंपाचा फायदाही आटतो.

यावर उपाय आहेत. सौरपंपाला ठिबकची जोड हवी, पीक पाण्याच्या हिशेबाने घ्यावे. २०१७ पासूनच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेत उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून गावाच्या शेतीला दिवसा वीज देता येते. तेथे पिकाला नको असेल तेव्हाची वीज इतरांच्या कामी येते; एकट्या पंपाच्या पट्ट्या मात्र तेव्हा रिकाम्याच तापतात.

परवा दुपारी रान भिजलेले असूनही मोटार चालूच होती. मी म्हणालो, “बाबा, आता कशाला?”

“ऊन वाया जातंय की रे!” ते म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून विहिरीपाशी नेले. दोघांनीही आत डोकावून पाहिले. बाबा काही बोलले नाहीत. मुकाट्याने जाऊन त्यांनी मोटार बंद केली.