दुहेरी अक्षरांचं नाणं: खरं की भास?

मैत्रिणींनो, नाण्यावर अक्षरं दुहेरी दिसली की ‘लाखाचं नाणं’ म्हणणारे भेटतात. आपण आधी पारखूया.

अमेरिकेचं १९५५ सालचं एक सेंटचं नाणं यासाठी प्रसिद्ध आहे. ठसा बनवतानाच त्यावर नक्षी दोनदा, थोडी सरकून उमटली. म्हणून त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरं आली.

भिंगातून पाहूया. खऱ्या दुहेरीत दोन्ही अक्षरं उठावदार, गोलसर आणि टोकाशी दुभंगलेली दिसतात. कडेला सपाट, चकचकीत पायरी असेल आणि अक्षर बारीक झालं असेल, तर नाणं पाडताना ठसा हललेला असतो. त्याला सहसा जादा मोल मिळत नाही.

नाणं विकून देतो म्हणून कुणी आधी फी मागितली, तर देऊ नका. रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये असाच इशारा दिला होता.