खांबातून निघालेला मेटल

इंदूरच्या राजवाड्याहून घरी येताना कानात 'नरसिंह' गर्जत होता. मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा २०१७चा 'दशावतार' अल्बम: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी!

जुन्या कथांवर गाणी रचणं रॉकला नवं नाही; लेखक टॉल्किनने रॉकवाल्यांना केव्हाच झपाटलंय. लेड झेपेलिनच्या 'रॅम्बल ऑन'मध्ये (१९६९) त्याचा गॉलम भेटतो; जर्मनीच्या ब्लाइंड गार्डियनने १९९८मध्ये त्याच्या 'सिल्मरिलियन'वर अख्खा अल्बम केला. आपल्याकडे तर आजीच्या गोष्टीतच खांब दुभंगतो, अर्धा सिंह बाहेर येतो, उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला. त्या क्षणाला घशातली गुरगुर आणि ड्रमचा मारा इतका शोभतो, की अंगावर काटाच येतो.

इंदूरकरांनो, २००६मध्ये निकोटिन हा मेटल बँड आपल्याच गावात उभा राहिला. आता इथल्या कुणीतरी नवनाथांच्या कथा घ्याव्यात. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकलेत आणि गोरख मृदंग वाजवतोय... ऐकायला मी पहिल्या रांगेत!