ताकदीची महागाई

मे महिन्यात उन्हं कलली की जिंतूरच्या आमच्या घराच्या माळवदावर पोरांचा फड जमतो. मध्ये चौकटी आखलेला कागद, राक्षसांच्या जागी हरभऱ्याचे दाणे आणि वीस पैलूंचा एक फासा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने घरात आणला. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. पात्र काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते.

चौथ्या दिवशी मात्र भांडण झालं. थोरल्या पुतण्याने मोबाइलवर एका नव्या पुस्तकातलं पात्र शोधून आणलं होतं. पहिल्याच लढाईत त्याने एकट्याने सगळे दाणे उचलले. धाकटी पुतणी चोर चालवत होती. तिची पाळी येईपर्यंत करायला काही उरलंच नाही. ती जिना उतरून खाली निघून गेली. पुतण्या मला म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा. पुस्तक कंपनीचं आहे, अधिकृत आहे. मग चालायला नको का?”

या खेळाच्या जगात अशा भांडणाच्या मुळाला नाव आहे: पॉवर क्रीप. दर नव्या पुस्तकागणिक पात्रांची ताकद थोडीथोडी वाढत जाते आणि जुनं पात्र फिकं पडतं. मी त्याला ताकदीची महागाई म्हणतो. पुतण्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी या खेळाचा इतिहास वाचून काढला. तेव्हा लक्षात आलं की पुस्तकांच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही बरंच चुकीचं धरून चालतात.

गैरसमज: अधिकृत पुस्तकात आहे, म्हणजे चाललंच पाहिजे.

वस्तुस्थिती उलटी आहे. या खेळात ‘पर्यायी नियम’ याचा अर्थ सूत्रधार आणि खेळणारे मिळून घेतील तर घ्यायचा नियम. 2014 च्या आवृत्तीच्या मूळ ‘प्लेयर्स हँडबुक’मध्येसुद्धा एकाच पात्राने दोन पेशे धरणं आणि ‘फीट’ नावाची खास कौशल्यं घेणं, या दोन्ही गोष्टी पर्यायी म्हणूनच छापल्या होत्या. 2020 चं ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ तर आपल्यातलं सगळंच पर्यायी असल्याचं सुरुवातीलाच सांगतं. पुस्तक छापणाऱ्याने सुचवलं, एवढाच ‘अधिकृत’चा अर्थ. ते आपल्या माळवदावर चालवायचं की नाही, हे माळवदावर बसणाऱ्यांनी ठरवायचं.

आपल्याला हे नवं वाटू नये. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं, आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन घरं सरकू शकतं. पट मांडण्याआधी ‘देशी की इंटरनॅशनल’ असं विचारणारी माणसं आपण पाहिली आहेत. तो प्रश्न खेळाच्या आधी विचारला जायचा. आमच्या पोरांनी तो चौथ्या दिवशी, लढाई संपल्यावर विचारला.

गैरसमज: मूळ खेळ शुद्ध होता, पुरवण्यांनी तो बिघडवला.

हा समज सगळ्यात पक्का आहे आणि मला सगळ्यात जास्त खटकतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ 1974 मध्ये आला, तेव्हा एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या. पात्रांचे पेशे तीनच: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. सुरी असो की दोन हातांनी पेलायची तलवार, घाव सहा पैलूंच्या एकाच फाशाने मोजायचा. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी आली. प्रत्येक हत्याराचा घाव वेगळा झाला आणि योद्ध्याचा जीव मोजायचा फासा सहा पैलूंचा होता तो आठ पैलूंचा झाला. चोर हा पेशाही तिथेच आला.

म्हणजे ज्या चोरासाठी आमची धाकटी रुसली, तो चोरच पुरवणीतून आलेला आहे. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅकमूर’ने मठवासी योद्धा दिला, 1976 च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ने ड्रुइड हा निसर्गपूजकाचा पेशा दिला. आज ज्याला लोक ‘मूळ खेळ’ म्हणतात, त्याचा मोठा भाग असा एकेकाळी कुणाला तरी आगंतुक वाटलेला आहे.

मूळ पुस्तक म्हणजे समतोल, हेही खरं नाही. 2000 साली तिसरी आवृत्ती आली. तिच्यातली सर्वांत जबर पात्रं, म्हणजे मांत्रिक, धर्मोपदेशक आणि ड्रुइड, पहिल्याच पुस्तकात होती. 2006 मध्ये ‘टोम ऑफ बॅटल’ने तलवारबाजांना नवे डाव दिले, तेव्हा ताकद फार वाढवली म्हणून त्या पुस्तकावर टीका झाली. पण त्या डावांसकट तलवारबाज वरच्या पातळीच्या मांत्रिकाच्या मागेच राहिला. दोष पुरवणीच्या नावावर लागला, मूळ पुस्तकातला असमतोल तसाच राहिला.

1976 च्या आणखी एका पुरवणीची गोष्ट मला फार बोलकी वाटते. ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’. जगभरच्या पुराणांतले देव त्यात आकड्यांत बसवले होते. ग्रीक होते, नॉर्स होते आणि आपले इंद्र आणि अग्नीही होते. संपादक टिम कास्क यांनी प्रस्तावनेत हेतू स्पष्ट लिहिला. काही सूत्रधार खिरापत वाटावी तशी ताकद वाटत होते, पात्रं चाळिसाव्या पातळीच्या पुढे गेली होती. नॉर्स देवांचा पिता ओडिन, त्याला पुस्तकाने तीनशे गुण जीव दिला. देवाधिदेवाला एवढाच, मग तुमच्या चव्वेचाळिसाव्या पातळीच्या सरदाराला कोण खरं मानणार, असा त्यांचा रोख होता. ताकदीला लगाम घालायला काढलेलं हे पुस्तक. पण देवाला एकदा आकडा लावला की तो मारता येण्याजोगा होतो, आणि बऱ्याच खेळणाऱ्यांनी ती देवांची यादी शिकारीची यादी म्हणून वाचली. इंद्राच्या नावापुढे जीवाचे गुण छापलेले पाहून मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. खेळाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक गोष्ट कळते. ताकदीची महागाई पुस्तक निघण्याआधीच टेबलावर होती. पुस्तक तिच्या मागून धावत आलं.

गैरसमज: हा सगळा कंपनीच्या लोभाचा खेळ आहे.

पैशाचा भाग आहेच. 1985 मध्ये ‘अनअर्थ्ड आर्काना’ हे पुरवणी पुस्तक आलं, तेव्हा हा खेळ छापणारी टीएसआर ही कंपनी पैशाच्या अडचणीत होती. ‘ड्रॅगन’ मासिकात आधी येऊन गेलेला बराच मजकूर त्यात एकत्र केला होता. त्यातल्या हत्यारांच्या खास प्रावीण्याने योद्धे एकदम जड झाले. टीएसआर पुढे 1997 मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने विकत घेतली. पण लोभ शून्य धरला तरी महागाई होतेच, आणि त्याचं कारण साधं गणित आहे.

खेळात दहा कौशल्यं असतील तर त्यांच्या जोड्या पंचेचाळीस होतात. वीस झाली की जोड्या एकशे नव्वद. शंभरावर गेली की 4950. लेखक आपलं नवं कौशल्य मूळ पुस्तकाशी ताडून पाहतो, पण पाच वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच पुस्तकातल्या कौशल्याशी त्याची जोडी कुणी लावून पाहिलेली नसते. ती जोडी खेळणारा पोरगा लावतो, कारण त्याच्याकडे उन्हाळ्याची अख्खी सुट्टी असते. शिवाय नव्या पुस्तकातले बहुतेक पर्याय बेताचेच असतात. ते कुणी घेत नाही, म्हणून ते दिसत नाहीत. जो सर्वांत जबर असतो, तो मात्र प्रत्येक टेबलावर दिसतो. कधी वाढ ही निव्वळ दुरुस्तीही असते. 2014 च्या पुस्तकातला रेंजर हा पेशा कच्चा आहे, ही तक्रार जुनी होती. 2020 मध्ये त्याला पर्यायी म्हणून नवी कौशल्यं मिळाली.

गैरसमज: भर घातली की ताकद वाढणारच.

इथे मला सावंतवाडीचा गंजिफा हा जुना पत्त्यांचा खेळ आठवतो. मोगल गंजिफ्यात आठ रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 96. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, एकूण 120 पानं. दोन रंग वाढले, पण कुठलंही पान जुन्या पानापेक्षा जड झालं नाही. प्रत्येक रंगाला तसाच राजा, तसाच प्रधान आणि तशीच एक ते दहा पानं. डाव रुंद झाला, लक्षात ठेवायचं वाढलं, उंची तेवढीच राहिली. चांगली पुरवणी अशी असते.

उंची वाढली तरी प्रत्येक वेळी नासाडी होते असंही नाही. बुद्धिबळातला वजीर पूर्वी तिरपं एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला सगळ्या दिशा मोकळ्या झाल्या. एका सोंगटीची ताकद इतकी वाढल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. तरीही खेळ मोडला नाही, कारण नवा वजीर दोन्ही बाजूंना एकाच वेळी मिळाला. आमच्या माळवदावर तो एकालाच मिळाला होता.

‘मग सूत्रधाराने राक्षस मोठे करावेत’, हे उत्तर त्यामुळेच पुरत नाही. राक्षस पुतण्याच्या मापाचा केला तर पुतणीचा चोर पहिल्या फटक्याला मरतो, आणि तिच्या मापाचा केला तर पुतण्या तो एकट्याने संपवतो. पात्र आणि राक्षस यांच्यातलं अंतर सूत्रधार भरून काढू शकतो. पात्रापात्रांतलं अंतर भरायला पोरांनीच एकमेकांशी बोलावं लागतं.

या खेळाच्या संघटित बैठकांत कित्येक वर्षं एक सोपा नियम होता: मूळ पुस्तक अधिक मान्य यादीतलं कुठलंही एक. पुरवण्या वर्ज्य नाहीत, पण तीन पुस्तकांतून वेचून गाठोडं बांधायचं नाही. जोड्यांचं गणित त्याने बऱ्यापैकी आवरतं. मी तो पोरांना सांगितला. पुतण्याच्या पात्रात तीन पुस्तकांतला माल निघाला. त्याने कुरकुर करत दोन पुस्तकं सोडली. एक शक्ती मात्र हट्टाने ठेवली, आणि सूत्रधार असलेल्या भाच्याने ती ठेवू दिली. धाकटीनेही मग एक पुस्तक निवडलं. तिला लढाईतलं काही नको होतं. येलदरी धरणाएवढ्या तलावाच्या तळाशी बुडालेल्या गावात श्वास रोखून उतरता येईल, असं काहीतरी तिला हवं होतं. ते सापडलं. रात्री जेवायला हाका मारल्या तेव्हा चोर पाण्याखाली होता आणि बाकीचे चौघं काठावर दोर धरून बसले होते.